नाचणे हेही काम आहे



आजचा विषय फळ्यावर वाचून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. युनियनच्या माणसाने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. बॅलेशी त्याचा संबंध काय? आणि तोही खारबावात? तेव्हा आरंभीच सांगतो, की आज आम्ही मजुरीवरच बोलणार आहोत.

बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर उभे राहून करावयाचा युरोपातील नाच, एवढेच आपण ऐकून असतो. आपल्याकडे त्या शब्दाला दुसराही अर्थ आला: अनेकांनी मिळून नाचातून सांगितलेली गोष्ट. अशा नृत्यनाट्यात हयात घालविलेल्या गुल बर्धन यांची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांचा जन्म १९२८ सालचा, मुंबईतला. ‘इप्टा’च्या चळवळीत त्या आल्या आणि शांति बर्धन यांच्याबरोबर नाचू लागल्या. शांतिबाबू अल्मोड्याच्या उदय शंकर केंद्रातून आलेले. १९५२ साली मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ उभी राहिली. तिचे ‘रामायण’ गाजले. त्यात जिवंत माणसांनी लाकडी बाहुल्यांसारखे नाचावयाचे. मान, कोपर, मनगट खटक्याखटक्याने हलवावयाचे. घरी करून पाहा. पाच मिनिटांत खांदे भरून येतील. मग कळेल, की हे काम आहे, आणि कष्टाचे काम आहे.

१९५४ साली शांतिबाबू गेले. गुलबाईंची तेव्हा पंचविशी जेमतेम उलटली होती. मंडळी मोडून प्रत्येकाने आपली वाट धरली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु त्यांनी प्रभात गांगुली आदी सहकाऱ्यांसह ती चालू ठेवली. १९६४ साली मंडळी ग्वाल्हेरला गेली, १९८४ साली भोपाळला. नवी मुले येत गेली आणि शांतिबाबूंनी बसविलेले ‘रामायण’ ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते, ती नाचू लागली. २०१० साली गुलबाईंना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या.

आता आपल्याकडे पाहा. नाचणाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याचे शरीर, आणि ते लवकर झिजते. भिवंडीच्या मागावरील माणसाचे काय निराळे आहे? कान जातात, डोळे जातात, गुडघे जातात, आणि मालक म्हणतो, “उद्यापासून येऊ नकोस.” गुडघा थकला, तरी गुलबाईंच्या अंगातले ज्ञान फुकट गेले नाही, कारण ते दुसऱ्याच्या अंगात उतरविण्यासाठी एक संस्था उभी होती. आपल्या जुन्या कारागिराला तुटलेला धागा डोळे मिटून सापडतो. ते कसब त्याच्याबरोबर गावी जाते आणि तिथेच संपते.

यात आमचाही दोष आहे, तो येथे कबूल करतो. आम्ही वर्षानुवर्षे दरासाठी भांडलो, आणि ते योग्यच होते. परंतु थकलेल्या हाताने शिकवावे आणि त्या शिकवण्याची त्याला मजुरी मिळावी, ही मागणी आम्ही कोणत्याही मागणीपत्रात कधी लिहिली नाही. पुढाऱ्यामागे युनियन कशी चालेल, याचाही विचार केला नाही. गुलबाईंनी तो केला.

पुढच्या मागणीपत्रात ते कलम असेल. त्यावर सही करावयास आपण सर्वांनी यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.