अथनासियस एकटा नव्हता



अथनासियसचे नाव निघाले की सगळे जग एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला, असे चित्र रंगवले जाते. उपदेशांतून ते इतके घोटले गेले आहे की विश्वासात स्थिर राहायचे म्हणजे एकट्याने छातीचा कोट करायचा, असे आपल्या तरुणांना वाटू लागले आहे. हे चित्र खोटे आहे आणि घातकही आहे. आज मी आलो आहे ते एवढेच सांगायला.

325ची नायसियाची धर्मसभा तुम्हाला ठाऊक आहे, मतांगीकार तोंडपाठ आहे. तिथे रेंगाळत नाही. धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र म्हणजे ख्रिस्त सर्वांत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. अथनासियसचा सवाल होता, जो स्वतःच निर्मिलेला तो आपल्याला देवाशी कसा जोडणार? म्हणजे प्रश्न आपल्या तारणाचा होता. 328 साली तो अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि पुढच्या 45 वर्षांत 5 वेळा, मिळून सुमारे 17 वर्षे, त्याला पद सोडून परागंदा व्हावे लागले.

विरोधकांनी त्याच्या चारित्र्यावर घाला घातला. आर्सेनियस नावाच्या बिशपाचा त्याने खून केला आणि जादूटोण्यासाठी हात तोडून घेतला, असा आरोप झाला. पुरावा म्हणून एक तुटका हातही दाखवला गेला! आर्सेनियस मात्र जिवंत होता, दडवून ठेवलेला. त्याचा माग काढायला अथनासियसने एका डीकनाला पाठवले. पुढे 335मध्ये सोर इथे बिशपांची सभा भरली. जुने इतिहासकार सांगतात, अथनासियसने झगा पांघरलेल्या एका माणसाला आत आणवले. चेहरा उघडला, तो आर्सेनियस. झग्यातून एक हात बाहेर काढला. थोडे थांबून दुसरा. आणि विचारले, तिसरा कुठून तोडला ते आता दाखवा. (हशा)

हसा, पण पुढचे ऐका. इतके होऊनही सभेने त्याला दोषीच ठरवले. आणि त्या डीकनाचे नाव तुमच्यापैकी कुणी सांगेल? मला हाच माणूस महत्त्वाचा वाटतो.

एक चिठ्ठी आली आहे : 'अथनासियसच्या माणसांनीही मारहाण केली नव्हती का?' केली होती. त्याच्या विरोधातल्या मेलेशियन गटाच्या लोकांना झोडपल्याचे वर्णन असलेले त्या काळचे पत्र इजिप्तमध्ये सापडले आहे. त्या मारहाणीचे समर्थन मी करणार नाही. पण त्यामुळे एरियसची शिकवण खरी ठरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो.

आता 356च्या फेब्रुवारीतली रात्र. अलेक्झांड्रियातल्या थिओनासच्या चर्चमध्ये जागरणाची प्रार्थना चालू असताना सम्राटाच्या सैन्याने वेढा घातला. अथनासियस आसनावरून हलला नाही. तिथल्या डीकनाला त्याने 136वे स्तोत्र म्हणायला सांगितले, लोकांनी प्रतिसाद द्यायचा आणि मग घरी जायचे. बहुतेक लोक बाहेर पडेपर्यंत तो उठेना. शेवटी मठवासी आणि सेवकांनी त्याला ओढून नेले. पुढची 6 वर्षे सम्राटाच्या माणसांना तो सापडला नाही, कारण वाळवंटातल्या मठांनी त्याला पोटात घातले. इकडे शहरातल्या लोकांनी काही दिवसांतच लेखी निषेध नोंदवला. सैन्य दाराशी असताना, बंधूंनो!

आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू.

आज आपल्याकडे दान द्या, आजार जाईल, कर्ज फिटेल, अशी शिकवण सभा-मंडपांतून चालते. तिकडे वळलेल्या कुटुंबाला आपण नावे ठेवतो. त्यांच्या घरी आजारपण आले तेव्हा मंडळीतले कोण जाऊन बसले होते? येशूचे नाव घेतले म्हणून सासरी-माहेरी तुटलेल्या मुलीला आपण धीर धर म्हणतो. तिने नाताळला जेवायचे कुणाकडे?

अथनासियसला मात्र त्याची माणसे होती. 365 साली सम्राट व्हॅलेन्सने त्याला पुन्हा घालवले. अलेक्झांड्रियात इतका असंतोष माजला की काही महिन्यांत सम्राटालाच हुकूम फिरवावा लागला. 373मध्ये अथनासियस आपल्या शहरात, आपल्या माणसांत वारला.