लाल झालेले पाइन

आज जंगलाबद्दल बोलते. मी वनस्पतीशास्त्रज्ञ नाही. दिवसभर लोकांचे बिघडलेले डॅशबोर्ड दुरुस्त करणारी बाई. हा विषय डोक्यात शिरला तो बाबांमुळे.

२०१६ च्या जुलैमध्ये आई-बाबा इकडे आले होते. बे एरियातून चार-साडेचार तास गाडी चालवून आम्ही शेव्हर लेकला गेलो. डोंगरउतारावर हिरव्यात मध्येमध्ये तांबूस झाडं दिसली. मी उत्साहाने म्हटलं, "बाबा, फॉल कलर्स बघा, यंदा लवकर आले!" बाबा पाटण तालुक्यातले, रानात वाढलेले. म्हणाले, "अगं, ही सुयांच्या पानांची झाडं. ही अशी रंग बदलत नाहीत. मेलीत ती."

खरंच मेली होती. कॅलिफोर्नियात २०१२ पासून दुष्काळ होता, त्यात उष्णता नेहमीपेक्षा जास्त. पाइनचं खोड पोखरणारा एक भुंगा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. एरवी झाड चीक सोडून त्याला बाहेर ढकलतं. पण पाणीच नसेल तर चीक कुठून येणार? २०१० ते २०१७ या काळात राज्यात सुमारे १२ कोटी ९० लाख झाडं मेली, असा वनखात्याचा अंदाज आहे. ही मोजणी माणसांनी छोट्या विमानांतून खाली बघत, नकाशावर खुणा करत केली.

झाड लाल दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. उपग्रहाचा उपयोग त्याआधी. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा, त्याच्या शेजारचा अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. या दोन्हींच्या तुलनेतून हिरवेपणा मोजतात. पण त्याहून पुढच्या अवरक्त पट्ट्यात पानातल्या पाण्याची कमतरता कळते, आणि ती बऱ्याचदा रंग बदलण्याआधीच. ग्रेग आस्नर यांच्या गटाने विमानातली लेसर आणि वर्णपटमापक यंत्रं उपग्रहाच्या माहितीशी जोडून २०१५ पर्यंतचा हिशेब मांडला: सुमारे ५ कोटी ८० लाख मोठ्या झाडांच्या शेंड्यांतलं पाणी तीस टक्क्यांहून जास्त घटलं होतं.

म्हणजे इशारा होता. आमच्या धंद्यातही हेच चालतं. पडद्यावर लाल दिवा लागतो, मीटिंग होते, आणि लाकूड तोडायला माणसं आणि पैसे कुणाकडेच नसतात. थोडी झाडं काढली गेली, रस्त्यालगतची, विजेच्या तारांजवळची. बाकी लाखो तिथेच उभी राहिली, वाळत.

४ सप्टेंबर २०२० ला त्याच भागात क्रीक फायर पेटली. पावणेचार लाख एकरांहून अधिक रान जळलं. मॅमथ पूलपाशी अडकलेल्या दोनशेहून अधिक माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. साताऱ्याहून बाबांचा फोन आला. आमची खुशाली विचारून झाल्यावर पहिला प्रश्न, "ती मेलेली झाडं काढली होती का गं?"

मागच्या वर्षी लेकीबरोबर मी त्या उताराची लँडसॅटची चित्रं लावून पाहिली. हिरवं पुन्हा दिसायला लागलं होतं. मी खूश होऊन बाबांना पाठवलं. उत्तर आलं, "हिरवं आहे, पण झाड आहे का?" याही वेळी त्यांचंच बरोबर. मोठ्या आगीनंतर आधी झुडपं माजतात, आणि हिरवेपणाच्या आकड्याला झुडूप काय नि पाइन काय, सारखंच. उंची मोजायला लेसर लागतं. ते काम अवकाशस्थानकावरचं गेडी हे यंत्र करतं. लाकडाचा अंदाज रडारने येतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर नासाचं एक आणि इस्रोचं एक अशी दोन रडार आहेत. ढग असोत, रात्र असो, दर बारा दिवसांनी तीच जागा.

लँडसॅटची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून फुकट आहेत. मुलांबरोबर तुमच्या नेहमीच्या कॅम्पिंगच्या जागेची जरूर पाहा. मात्र दरवर्षीचा तोच महिना घ्या. सह्याद्रीतलं पानगळीचं रान एप्रिलमध्ये पाहाल तर ते आजारी वाटेल, आणि ते तर नुसतं पावसाची वाट बघत उभं असतं.