गालगुंड : मोठ्यांनी घ्यावयाची काळजी



मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. परंतु वसतिगृहात राहणारी आपली मुले आजार अंगावर काढतात, म्हणून चार शब्द सांगतो.

गालगुंड म्हटले की आपण म्हणतो, "पोरांचा आजार, आठ दिवसांत जाईल." लेप लावला, मफलर गुंडाळला, की झाले! बहुधा तो बराही होतो. मोठ्या माणसांत मात्र हा विषाणू अधिक त्रास देतो. पुरुषांच्या अंडकोषाला सूज येते, हे पुष्कळांना ठाऊक असते. क्वचित घशात, श्वासाच्या वाटेवरही सूज येते, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

असे का होते? कानाखालच्या ग्रंथींबरोबर जबड्याखालच्या ग्रंथीही सुजतात. मानेतील लसिकेचा निचरा अडतो आणि पाणी साचते. ते कधी छातीच्या हाडापर्यंत उतरते, कधी स्वरयंत्राभोवती साचते. मग श्वासाची वाट अरुंद होते.

खुणा लक्षात ठेवा. सूज मानेखाली उतरणे, आवाज बसणे, लाळही गिळता न येणे, आडवे होताच गुदमरणे, श्वास घेताना घरघर होणे. यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रोग्याला बसते ठेवा, बळेच पाणी पाजू नका आणि तडक मोठ्या रुग्णालयात न्या. तेथे कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून दुर्बीण घालून घसा तपासतात. सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड देतात. श्वास फारच कोंडला तर नळी घालतात किंवा गळ्याला छिद्र पाडून वाट करून देतात. वेळेवर पोहोचलेला रोगी बहुधा काही दिवसांत बरा होतो.

आता लसीविषयी. सरकारी लसीकरणात २०१७ पासून आलेली गोवर-रुबेला लस गालगुंडापासून संरक्षण देत नाही. त्यासाठी एमएमआर लस लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती ९ व्या महिन्यात, १५ व्या महिन्यात आणि ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान देण्याची शिफारस करते. खाजगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्या घरातील मुले त्यामुळे वंचित राहतात. सर्व लसी झाल्या, असे समजून निश्चिंत राहू नका. मुलांचे कार्ड काढून पाहा.

गालगुंड झालेल्याने सूज आल्यापासून पाच दिवस वर्गात वा कामावर जाऊ नये, पेला-ताट वेगळे ठेवावे. आणि खोलीतल्या मित्रांनी रात्री त्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.