कॅम बदलण्याआधी काटा बघा

बरेच जण विचारतात, "दादा, इंटरसेप्टर ६५० ला कुठला कॅम टाकू?" आधी माझा किस्सा ऐका.

मी जास्त ड्युरेशनचा कॅम बसवला. म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, वरच्या आरपीएमला इंजिन जास्त हवा ओढतं. हायवेला ६००० च्या पुढे गाडी अशी सुटायची की बास! पण मी रोज जातो कुठे? हिंजवडीला. २५०० आरपीएमवर, क्लच दाबत. तिथलाच टॉर्क गेला. एकदा बाबांना मागे बसवून कात्रज घाट चढताना वळणावर गाडी बंद पडली. मागे ट्रक. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

असा कॅम बहुतेक वेळा खालची ताकद काढून वर नेतो. म्हणून आठवडाभर टॅकोमीटर बघा. काटा ४००० च्या खालीच फिरत असेल, तर कंपनीचाच कॅम ठेवा. बदलायचाच असेल, तर व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर तपासा, फ्युएल मॅप करून घ्या, त्याचाही खर्च धरा. कोडचं जे, तेच इंजिनचं: आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा.

माझा जुना कॅम परत बसलाय. रविवारी बाबांना घेऊन पुन्हा घाटात जातोय. भेटू पुढच्या भागात!