सशाचे खाजवणे : सवय कोणती, व्याधी कोणती?

कुत्र्याला काही दुखलेखुपले तर तो केकाटतो, मांजर ओरडते. ससा मात्र बहुधा गप्प राहतो. निसर्गात तो अनेक शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्याने दुखणे झाकून ठेवण्याकडे त्याची उपजत प्रवृत्ती असते. म्हणूनच ससा पाळणाऱ्याने त्याच्या अंग चाटण्याकडे व खाजवण्याकडे डोळसपणे पाहणे अगत्याचे ठरते.

निरोगी ससा मोठा स्वच्छताप्रिय असतो. पुढचे पंजे चाटून तो तोंड पुसतो, एकेक कान पंजांत धरून खाली ओढतो, मान वळवून पाठ व कूस स्वच्छ करतो. मागच्या पायाने क्षणभर कान खाजवून तो पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. सोबतीचे ससे एकमेकांचे कपाळ चाटतात, ती सलोख्याची खूण होय. वस्तूंवर हनुवटी घासणे हे तर खाजवणेही नव्हे. हनुवटीखालील ग्रंथींच्या गंधाने ससा आपली हद्द आखत असतो. गाभण मादी विण्याच्या सुमारास छातीपोटाचे केस उपटते, तो पिलांच्या बिछान्याचा प्रबंध होय. सशाचा गर्भकाळ साधारणतः ३० ते ३२ दिवसांचा असल्याने त्या बेताला असे घडल्यास घाबरण्याचे कारण नाही.

अंग चाटताना केस पोटात जातात. सशाला उलटी होत नाही. सबब ते केस आतड्यांवाटेच बाहेर पडावे लागतात. वाळलेले गवत भरपूर मिळाल्यास आतड्यांची हालचाल सुरळीत राहते. केस झडण्याच्या दिवसांत मऊ ब्रशने रोज अंग विंचरावे. ससा खाईनासा झाला, लेंड्या लहान झाल्या वा थांबल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकांना दाखवावे.

आता खऱ्या व्याधीकडे वळू. ससा वारंवार डोके झटकीत असेल, एकच कान सतत खाजवीत असेल, तर कानात डोकावून पाहावे. आत तपकिरी, जाड खपल्या दिसल्यास तो सूक्ष्म परजीवींचा उपद्रव समजावा. पुष्कळ घरी या खपल्यांना मळ समजून त्या काडीने खरवडल्या जातात. हे सर्वथा अनुचित होय. खपलीखालची त्वचा हुळहुळी झालेली असते व खरवडल्याने जनावराला असह्य वेदना होतात. योग्य औषधाने परजीवी मेले की खपल्या आपोआप सुटतात. मानेवर व पाठीवर कोंडा दिसणे, तसेच नाक, ओठ, कानांच्या कडा व पंजे यांवर पांढुरक्या खपल्या धरणे, हीही परजीवींचीच लक्षणे होत. यांपैकी काही परजीवी माणसाच्या अंगालाही खाज आणतात. ससा मांडीवर घेऊन खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर पुरळ उठल्यास सशाचीही तपासणी करून घ्यावी.

पशुवैद्यक त्वचेचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करतात. आयव्हरमेक्टिनसारखे औषध सशाच्या वजनानुसार व ठराविक अंतराने पुन्हा द्यावे लागते. त्याची मात्रा घरच्या घरी ठरवू नये. कुत्र्यांच्या पिसवांवर वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला प्राणघातक ठरू शकते, हे तर कधीच विसरू नये. खाज सुटली म्हणून सशाला आंघोळ घालणेही धोक्याचे. दाट केस लवकर वाळत नाहीत, अंग गारठते आणि भीतीनेही प्राणी दगावू शकतो.

जसे अति खाजवणे, तसे अंग चाटणे थांबवणे हेही दुखण्याचे चिन्ह आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते वाकडे वाढले, सांधे दुखू लागले किंवा लठ्ठपणा आला की अंगाची निगा राखणे त्याला जमत नाही. मागचा भाग ओला व घाण राहतो आणि विशेषतः पावसाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात. त्यातून अळ्या पडल्यास प्राण्याचा जीव वाचवणे कठीण होते.

यासाठी फार खर्च लागत नाही. रोज एकदा मागचा भाग व लेंड्या पाहाव्यात. आठवड्यातून एकदा कान, नखे, पुढचे दात व त्वचा उजेडात तपासावी. खुराडे कोरडे ठेवावे. शंका आल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. मुक्या जिवाची तक्रार त्याच्या वागण्यातूनच वाचावी लागते. ती वेळेवर वाचणे हेच पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.