अन्नाआधी ऊन

पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे ‘बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाचा आहार व निगा’. आहार आधी आणि निगा नंतर, हा क्रमच मला मान्य नाही. नुसती खाण्याची यादी हवी असेल त्यांनी निवांत चहा घेऊन यावा, ती शेवटी येईल. (हशा.) हा सरडा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, रखरखीत मुलखातला. तो देश आपले सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, जगभर विकली जातात ती बंदिवासातल्या पैदाशीची पिल्लं.  हे तुम्ही वाचलेलं असणार, पुढं जातो.

पिल्लू घरी आलं की पहिली तक्रार असते, ‘खात नाही’. नव्या जागेत पहिले काही दिवस ते बुजतं, हे खरं. पण त्यानंतरही खात नसेल, तर बहुतेक वेळा दोष अन्नाचा नसून गारठ्याचा असतो. या प्राण्याची ऊब बाहेरून येते. ती नसेल तर पोटातलं पचत नाही आणि भूकही लागत नाही. म्हणून पेटीच्या एका टोकाला बसायची जागा ४० अंशांच्या आसपास तापलेली हवी आणि दुसरं टोक २५ ते २८ अंशांचं, म्हणजे कुठं बसायचं ते त्याचं त्याला ठरवता येतं. तरीही ऊब ही अर्धीच गोष्ट झाली. अतिनील किरण कातडीवर पडले, की तिथं ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला लागतं. ते पुरं व्हायला पुन्हा ऊबच लागते आणि ते असेल तरच अन्नातलं कॅल्शियम अंगी लागतं. जेमतेम दहा सेंटिमीटरचं पिल्लू वर्ष-दीड वर्षात हातभर होतं. एवढी हाडं घडवायची आणि किरण नाहीत, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. वाटीतल्या किड्यांनी यातलं काहीही थांबत नाही.

याला पुरावा काय, असं कुणी विचारेल. पुरावा आपल्या नाशकात आहे, आणि तो माणसाच्या पोरांचा आहे. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिकमधल्या मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेल्या मुलांचा अभ्यास करून १९२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजार सापडला कुठं? खात्यापित्या घरांत, जिथं बायका पडद्यात राहत आणि तान्ही मुलंही त्यांच्याबरोबर आतच वाढत. ज्यांच्या ताटात दूधतूप क्वचितच येई, त्या कष्टकऱ्यांची पोरं दिवसभर उघड्यावर असत आणि ती या दुखण्यापासून सुटली होती. त्याआधी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरं केलं होतं. बर्लिनमध्ये दिवा लागला, नाशकात अंगण पुरलं असतं. सरड्याच्या भाषणात लेकरं आणली म्हणून कुणी रागावू नये. कातडी, जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची साखळी दोघांत एकच आहे. उलट सरड्याचं अवलंबित्व जास्त, कारण त्याला ऊबसुद्धा उन्हातूनच घ्यावी लागते.

आक्षेप येतात ते असे. आपल्या मुरगूडला उन्हाचा दुष्काळ कुठं आहे, पेटी खिडकीत ठेवू. ठेवा, पण हाडांना हवे ते किरण काच अडवून धरते, आणि उन्हात ठेवलेल्या काचेच्या पेटीत पिल्लू तासाभरात भाजून मरू शकतं. बाहेर न्यायचं तर जाळीचा पिंजरा, त्यात अर्धी सावली, आणि मांजर-घारीवर कुणाची तरी नजर. दुसरा आक्षेप, मग ‘ड’ची पूड द्यावी. ती थोडी द्यावीच लागते. पण पूड जास्त झाली तर विषारी ठरते. कातडीत तयार होणाऱ्या जीवनसत्त्वाला शरीर स्वतःच आवर घालतं, हा फरक मोठा आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो: आपला कुंपणावरचा सरडा पावसाळा काढतो की! काढतो, कारण तो इथलाच आहे. या पाहुण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, आणि आपली वेदगंगा नदी दुथडी वाहते त्या दिवसांत आपल्या भिंतींनासुद्धा ओल येते. त्या महिन्यांत अतिनील नळीदिवा बारा तास लागणार. नळी उजळ दिसली तरी तिचे किरण ओसरतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांत बदलायची. आणि लाईट गेली तर? (हशा.) हसू नका, मुरगुडात खरा प्रश्न तोच आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली, तेव्हा यादी. रातकिडे किंवा रेशीमकिडे, पिल्लाच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून मोठे नकोत. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे, वर कॅल्शियमची पूड. उरलेले काढून टाका, रातकिडे पिल्लालाच कुरतडतात. उसाच्या फडातून किडे धरून आणू नका, तिथं फवारणी असते. राधानगरीचे काजवे कितीही सुंदर असोत, तेही नकोत. काजवा खाऊन हे सरडे मेल्याची नोंद अमेरिकेत १९९९ मध्ये झाली आहे. तुतीचा, जास्वंदीचा पाला आणि भोपळा बारीक चिरून रोज ठेवा. पालक टाळा, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. मोठेपणी किडे कमी आणि पाला जास्त. पेटीत वाळू नको, ती पोटात जाऊन अडकते. ज्यांच्या घरी पिल्लू आलंच आहे त्यांनी मृगाआधी दिवा बसवावा. ज्यांनी अजून आणलेलं नाही त्यांनी दिवा आणि इन्व्हर्टर यांचा खर्च आधी मांडावा, आणि तो जड वाटला तर पिल्लू आणूच नये.