हार्ड डिस्क बोलू लागली तर

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीकडे परतताना टेक्ससच्या आकाशात विखुरलं. कल्पना चावला त्याच यानात होती. त्या सफरीत झेनॉन वायूवरचा एक प्रयोग केला होता. त्याच्या बऱ्याच नोंदी उड्डाण चालू असतानाच खाली आल्या होत्या, उरलेल्या यानातल्या एका हार्ड डिस्कवर होत्या. अवशेष शोधणाऱ्यांना ही डिस्क काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्यात मिळाली. जळून काळी पडलेली, सील वितळलेलं, आत माती शिरलेली. मिनियापोलिसजवळच्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्या तबकड्या रसायनाने धुतल्या, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती बाहेर काढली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली छापून आले.

यात नशिबाचा वाटा होताच. डिस्क जेमतेम अर्धी भरली होती. संगणक डॉस या जुन्या प्रणालीवर चालत होता आणि डॉस माहिती डिस्कभर विखरून ठेवत नाही, त्यामुळे मातीने पडलेले खड्डे रिकाम्या भागातच राहिले. यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच हाती लागलं नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या जळक्या ठोकळ्याला वायर लावून ‘बघू, चालू होतेय का’ म्हणायची बुद्धी कोणाला झाली नसणार! आपल्या घरात ती हमखास होते.

आपल्या संगणकातली हार्ड डिस्क हातात घेऊन नीट पाहा. झाकणावर बहुधा एक बारीक छिद्र दिसेल आणि शेजारी ‘हे झाकू नका’ अशी इंग्रजीत ताकीद. आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते छिद्र असतं, त्याच्या आत गाळणी असते. कारण आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे धुळीचा कण आत गेला तर तो हेडच्या वाटेत डोंगरच.

हेड बिघडलं की डिस्क बोलू लागते. टक्... टक्... टक्. हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही, मागे येतं, पुन्हा जातं. हा आवाज आला की वीज तोडा, आणि पुन्हा चालू करून पाहू नका. मोडकं हेड तबकडीवर घासलं तर चुंबकीय थर खरवडला जातो. त्याची भुकटी झाली की मग ती कोणीही वाचू शकत नाही.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो. ऐकू नका. बाहेर काढताच आत दव धरतं. तशाच मॉडेलचं सर्किट बोर्ड आणून बदलण्यातही फारसा अर्थ नाही, कारण बऱ्याच डिस्कमध्ये त्या त्या डिस्कची खास जुळणी बोर्डवरच्या चिपमध्ये असते. ती चिपही हलवावी लागते.

आवाज नाही, फक्त फाइल चुकून डिलीट झाली, तर गोष्ट निराळी. तिथे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जाते, पानं जागेवरच असतात. त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत मिळतात. म्हणून फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. तबकड्यांऐवजी चिप असलेली एसएसडी असेल तर मात्र आशा कमी. ती मोकळी झालेली जागा बहुधा स्वतःच पुसून टाकते.

आता डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या दुकानाचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, दोन गोष्टी विचारा. पहिली, आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढणार का? जाणकार माणूस डीडीरेस्क्यूसारखं साधन लावून आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतो, अडलेले तुकडे शेवटी धरतो आणि पुढचं सारं काम त्या नकलेवर करतो. दुसरी, डिस्क उघडावी लागली तर कुठे उघडणार? हेड बदलायचं तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क लागते, तिला या धंद्यात ‘डोनर’ म्हणतात, आणि धूळमुक्त खोली लागते. यात खर्च बराच येतो, तो आधीच विचारून घ्या. ‘इथेच टेबलावर उघडतो, दहा मिनिटं थांबा’ असं उत्तर आलं, तर डिस्क उचला आणि पुढचं दुकान गाठा.